ज्या धर्माला दीक्षा नाहीं

धर्म म्हटला म्हणजे आम्हां लिहित्यावाचत्या लोकांच्या डोळ्यांपुढें प्रथम ग्रंथ उभा राहतो. ग्रंथामागून गुरु, गुरूमागून मठ, आणि मठाच्या दाराशीं दीक्षेचा विधि, अशी परंपरा आमच्या मनांत पक्की बसलेली आहे. नागपूरकरांस तर या दाराचीं नाना रूपें घरबसल्या पाहावयास मिळालीं. स्कॉटलंडांतून आलेल्या मिशनऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत येथें बाप्तिस्म्याचें दार उघडलें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं याच शहरांत लक्षावधि अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व अनुयायांस २२ प्रतिज्ञा दिल्या. महानुभावांचें रिद्धपूरही येथून फार दूर नाहीं; तेथें उपदेश घेतल्यावांचून कोणी पंथाचा होत नाहीं. परंतु ज्यास सर्वमान्य असा एक ग्रंथ नाहीं, सर्वांनीं मानलेला एक आचार्य नाहीं, आणि ज्यांत शिरण्यासाठीं दीक्षेचा विधिही नाहीं, असा एक धर्म आमच्या अगदीं शेजारीं नांदत आहे. त्याची व्यवस्था कशी चालते, मुलांस शिकवण कोण देतो, आणि नवा मनुष्य दाराशीं आला असतां त्याचें स्वागत कसें होतें, हें आम्ही या लेखांत यथामति सांगणार आहों. हा धर्म म्हणजे गोंड लोकांचें ‘कोया पुनेम’ होय. गोंड स्वतःस ‘कोइतूर’ म्हणवितात, आणि ‘पुनेम’ या त्यांच्या शब्दाचा अर्थ मार्ग किंवा धर्म असा आहे.

हा विषय आम्ही बुटीबोरींत बसून लिहीत आहों, याला एक कारण आहे. नागपुराहून वर्ध्याच्या रस्त्यानें तीसेक किलोमीटरांवर असलेलें हें गांव आज कारखान्यांच्या धुराड्यांवरून ओळखलें जातें. परंतु याच परिसरांत टाकळघाट व खापा या गांवांच्या शिवारांत मोठमोठ्या दगडांचीं वर्तुळें आहेत. तीं इसवी सनापूर्वींच्या लोकांचीं दफनस्थानें होत. १९६८-६९ सालीं नागपूर विद्यापीठानें तेथें उत्खनन केलें, तेव्हां त्या काळच्या लोखंडी वस्तु हातीं आल्या. त्याच्याही शंभर वर्षें आधीं हीं वर्तुळें पाहण्यास रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आले होते. नागपुरचें हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नांवाचें, तेच हे गृहस्थ. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते या भागांत आले असतां, ४ सप्टेंबर १८६३ रोजीं, टाकळघाटाहून बोरीकडे घोड्यावरून परत येतांना पुरानें फुगलेल्या नाल्यांत बुडून त्यांचा अंत झाला.

हिस्लॉप यांच्या मागें जे कागद राहिले, त्यांत गोंडांच्या देवपुरुषाचें, म्हणजे लिंगोचें, एक दीर्घ गीत होतें. टेंपल यांनीं १८६६ सालीं तें इंग्रजी भाषांतरासह छापून काढलें. दैवाचा खेळ पाहा ! जो मनुष्य लोकांस ख्रिस्ती करण्यासाठीं समुद्र ओलांडून आला, त्याच्याच दप्तरांत गोंडांचें पुराण जपून राहिलें. आणि त्यानंतर सव्वाशें वर्षांनीं गोंडांच्या शिकलेल्या नातवंडांस आपल्या धर्माचा शोध घ्यावासा वाटला, तेव्हां इतर साधनांबरोबर तें छापील गीतही त्यांच्या हातीं लागलें.

त्या गीताची कथा थोडक्यांत अशी आहे. महादेवानें गोंडांस एका गुहेंत कोंडून दारावर सोळा हातांची शिळा लोटली. त्यांतून चौघे तेवढे निसटले व कचिकोपा लोहागड येथें जाऊन राहिले. पुढें लिंगो जन्मला. त्यानें त्या चौघांस शेती व अग्नि यांची ओळख करून दिली, नाना संकटें सोसून गुहेंतील बांधवांस सोडविलें, आणि त्यांचीं कुळें पाडून कोणाचा विवाह कोणाशीं व्हावा याचा नियम घालून दिला. आजची मंडळी ही कथा जरा निराळ्या रूपानें सांगतात. त्यांच्या सांगण्यांत कली कंकाली मातेचीं मुलें गुहेंत अडकलेलीं असतात. पहांदी पारी कुपार लिंगो आणि निराधार मुलांची माय जंगो रायताड हीं दोघें त्यांस सोडविण्यास निघतात. आणि हिरासुका पाटालीर नांवाचा वादक आपल्या किंगरीच्या सुरानें मुलांत बळ आणून शिळा हालवितो व तिच्याचखालीं चिरडून मरतो. मुक्त झालेलीं मुलें लिंगोचे शिष्य होतात. पाठभेद आमच्या पुराणांतही कांहीं कमी नाहींत, तेव्हां त्यावरून कोणी नाक मुरडूं नये. मुख्य गोष्ट ही कीं, येथें धर्मसंस्थापक हा उपदेशक होण्यापूर्वीं सोडविणारा आहे, आणि त्याची पहिली देणगी म्हणजे नातीं लावून देणें ही आहे. कोया पुनेमची सारी व्यवस्था या दुसऱ्या गोष्टींतून निघते.

ही व्यवस्था समजावून घेण्यासारखी आहे. प्रत्येक कुळ अमुक इतक्या देवांचें म्हणून गणलें जातें. आमच्या भागांत चार, पांच, सहा व सात देवांचीं कुळें प्रसिद्ध आहेत. ज्यांची देवसंख्या एक ते सगे, म्हणजे भाऊभाऊ. त्यांच्यांत सोयरीक होत नाहीं. शास्त्रकारांनीं याचें पुढें गणित मांडलें आहे. एकूण सगे १२. त्यांपैकीं पहिल्या ७ सग्यांत प्रत्येकीं १०० गोत्रें आणि उरलेल्या ५ सग्यांत प्रत्येकीं १०, मिळून ७५० गोत्रें. म्हणून ७५० हा आंकडा त्यांच्या चिन्हांवर मोठ्या मानानें कोरलेला दिसतो. प्रत्येक गोत्राकडे एक पशु, एक पक्षी व एक वनस्पति यांच्या रक्षणाचा भार सोंपविलेला असतो. त्या गोत्राच्या माणसानें त्यांस मारूं नये, तोडूं नये, खाऊं नये. ७५० गोत्रें प्रत्येकीं तीन जीव राखतात, म्हणजे २२५० जीवजातींस अभय मिळतें, असा हिशेब हे लोक अभिमानानें सांगतात. आमच्या लग्नांत देवक बसवितात, आणि मराठ्यांच्या कुळांत पंचपल्लव, कळंब, उंबर अशीं देवकें असतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. देवकाचें झाड तोडूं नये हा त्यांचा नियम आणि गोंडांचा हा नियम एकाच जुन्या मुळांतून फुटलेले असावेत, असें आम्हांस वाटतें.

सर्वांवरचा देव तो फडापेन. त्यासच बडादेव म्हणतात. त्याला देऊळ नाहीं, मूर्तीचा हट्टही नाहीं. गांवाबाहेर ऐनाच्या झाडाखालीं त्याचें ठाणें असतें. गोंडी भाषेंत देवास पेन म्हणतात, म्हणून तें पेनठाणें. ‘सल्लां’ व ‘गांगरा’ या दोन परस्परविरुद्ध तत्त्वांच्या संयोगानें सृष्टि चालते आणि फडापेन हें त्या संयोगाचें नांव, असें नव्या ग्रंथकारांचें विवेचन आहे. ज्यांनीं सांख्यांचीं प्रकृतिपुरुष हीं तत्त्वें वाचलीं आहेत, त्यांस हें अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. पूजेस ‘गोंगो’ म्हणतात व ती भुमका करितो. विवाहांत वधूवर जे फेरे घालतात ते आमच्या प्रदक्षिणेच्या उलट, उजवीकडून डावीकडे. पृथ्वी स्वतःभोंवतीं याच दिशेनें फिरते, असें त्याचें समर्थन ते करितात. देवास मोहाच्या दारूची धार वाहण्याची चाल आहे; ती आमच्या वाचकांस रुचणार नाहीं. परंतु वर्णन करावयाचें म्हणजे आपल्या आवडीचा तेवढा भाग उचलून चालत नाहीं.

हे सारें आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलें असतां त्याला ‘नवें’ कां म्हणावें, असा प्रश्न येथें कोणी करील. युरोपांत अलीकडे निओपेगन नांवाचे कांहीं समाज निर्माण झाले आहेत. ‘पेगन’ या शब्दाचा लॅटिन मूळ अर्थ गांवढळ एवढाच. नगरांतून ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हां जुने देव खेड्यांत उरले, म्हणून जुन्या देवांच्या भक्तांस तें नांव पडलें. आमचा ‘ग्राम्य’ शब्द असाच मानानें खालीं आलेला आहे. आइसलंड बेट इसवी सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती झालें. तेथें १९७२ सालीं कांहीं मंडळींनीं जुन्या देवांच्या उपासनेसाठीं संघ स्थापिला व पुढील वर्षीं सरकारनें त्यास मान्यता दिली. लिथुआनियांत ‘रोमुवा’ नांवाचा असाच समाज आहे. त्याला राज्यमान्यता नाकारण्यांत आली, तेव्हां तो युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला, २०२१ सालीं तेथें त्याच्या बाजूनें निकाल झाला, आणि २०२४ च्या डिसेंबरांत त्या देशाच्या संसदेनें मान्यता दिली. या लोकांची अडचण ही कीं, त्यांचा धागा शेंकडों वर्षांपूर्वीं तुटला होता. पोथ्या, लोकगीतें व शेतकऱ्यांच्या चालीरीति यांवरून तो त्यांस पुन्हां वळावा लागला. गोंडांचा धागा तसा तुटलेला नाहीं. गडचिरोली, बस्तर, आदिलाबाद या भागांत तो अखंड आहे. परंतु नागपूर, वर्धा, भंडारा या जिल्ह्यांतील गोंड मराठी बोलूं लागले, शहरांत आले, गणपति बसवूं लागले, आणि कित्येक घरांतून आपली देवसंख्यासुद्धां विसरली गेली. ज्या शहराचा पाया देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजानें घातला, त्या शहरांतच त्याच्या जातभाईंची भाषा ऐकूं येईनाशी झाली ! या विसरलेल्यांस पुन्हां एकत्र करण्याची जी खटपट गेल्या चाळीस वर्षांत झाली, ती मात्र नवी आहे. धर्म जुना, जुळवाजुळव नवी.

या खटपटींत ज्यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें ते डॉ. मोतीरावण कांगाली (१९४९–२०१५). यांचा जन्म रामटेक तालुक्यांतला. नोकरी रिझर्व्ह बँकेंत, नागपुरास. आईबापांनीं ठेवलेलें मोतीराम हें नांव बदलून त्यांनीं मोतीरावण असें केलें, यावरून त्यांच्या मनाचा कल वाचकांच्या ध्यानांत येईल. नोकरी सांभाळून त्यांनीं गांवोगांव फिरून कथा, गीतें, गोत्रांच्या याद्या गोळा केल्या व हिंदींत ग्रंथ लिहिले. ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ हा त्यांतील प्रमुख होय. त्यांच्या पत्नी चंद्रलेखा याही लेखिका. सिंधु संस्कृतीच्या मुद्रांवरील लेख गोंडींत वाचतां येतात असाही कांगाली यांचा दावा होता. तो पंडितवर्गानें मान्य केलेला नाहीं, आणि आम्हांसही तो मान्य करण्यास पुरेसा आधार दिसत नाहीं. परंतु एका मतावरून मनुष्याचें सारें कार्य मोजूं नये. विखुरलेली स्मृति त्यांनीं कागदावर आणली, हें काम लहान नव्हे.

१९८० नंतरच्या दशकांत कांगाली व त्यांचे मोजके सोबती माघ पौर्णिमेस गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांतील कचारगड येथील गुहांत जाऊं लागले. गीतांतील कचिकोपा लोहागड तो हाच, आणि मुलें कोंडलेली गुहा ती हीच, अशी त्यांची धारणा. आरंभीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असलेली ही यात्रा आज फार मोठी झाली आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा येथून लोक येतात; धनेगांवीं मुक्काम पडतो; सप्तरंगी ध्वज फडकतो; आणि जो भेटेल त्याला ‘जय सेवा’ म्हणून नमस्कार होतो. पुरुषांस ‘तिरुमाल’ आणि स्त्रियांस ‘तिरुमाय’ असें मानानें संबोधितात. या यात्रेंत पूजा होते, सभा होतात, पुस्तकांचीं व पंचांगांचीं दुकानें लागतात, आणि उपवर मुलामुलींचे आईबाप एकमेकांस देवसंख्या विचारीत हिंडतात. आमच्या जुन्या काळच्या यात्रा तरी दुसरें काय करीत असत ?

येथें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगितल्यास विषय अधिक उलगडेल. हा मुलगा जातीनें गोंड. जन्म व शिक्षण बुटीबोरीस. येथल्याच औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहे. घरीं बोली मराठी; देव्हारा तुमच्याआमच्यासारखा. चार-पांच वर्षांपूर्वीं त्याच्यासाठीं एक मुलगी पाहण्यांत आली. मुलगी शिकलेली, मनमिळाऊ. दोघांचीं मनें जुळलीं. बोलणीं करावयास मंडळी बसली तेव्हां मुलीच्या आजीनें विचारलें, “किती देवाचे तुम्ही ?” यानें घरचा देव्हारा आठवून सांगितलें, “पांच आहेत, आजी.” म्हातारी हंसली व म्हणाली, “देव्हाऱ्यातले नाही रे बाप्पा, कुळातले विचारते मी.” बापालाही उत्तर येईना. शेवटीं बापलेक पणजोबांच्या गांवीं गेले. तेथें एका वृद्ध भुमकानें यांचें आडनांव ऐकतांच कुळ सांगितलें, राखावयाचें झाड सांगितलें, आणि सहा देव सांगितले. मुलीकडचेही सहाच देवांचे निघाले. सोयरीक मोडली.

त्या दिवसांत तो आमच्याकडे येऊन बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “गुरुजी, मुलगी मनात भरली होती, पण बहीण निघाली.” आम्हीं त्यास विचारलें कीं, कायदा तुला आडवा येत नाहीं, मग तूं हें कां मानतोस ? तो म्हणाला, “इतकी वर्षे आम्ही कोण ते मला माहीत नव्हतं. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी ते मोडायचं, हे मला बरं वाटलं नाही.” या उत्तराची योग्यायोग्यता ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे. सगोत्र विवाहाचा निषेध आमच्यांतही होता. १९४६ च्या कायद्यानें तो उठला आणि पुष्कळ घरांनीं तें स्वीकारलें. त्या मुलीच्या मनाचें काय झालें असेल, हा विचारही आम्हांस अस्वस्थ करितो. परंतु एवढें खरें कीं, या धर्मांत प्रवेश करणाऱ्यास मंत्र, गंडा, प्रतिज्ञा यांतलें कांहीं मिळत नाहीं. त्याला एक आंकडा मिळतो, एक झाड मिळतें, आणि एका रात्रींत शेंकडों भाऊबहिणी मिळतात. त्या नात्याची किंमत या मुलानें पहिल्याच पावलीं भरली. पुढें सात देवांच्या कुळांत त्याचें लग्न झालें; फेरे उजवीकडून डावीकडे घातले गेले, आणि अक्षता टाकण्यास आम्ही हजर होतों.

यावरून नवागताच्या स्वागताची रीत ध्यानांत येईल. येथें ‘नवा’ म्हणजे बहुधा परका नसून वाट चुकलेला घरचा माणूस. त्याला प्रथम कुळ शोधून देतात, मग ठाण्याशीं नेतात, मग सग्यांच्या पंक्तीस बसवितात. खरोखर बाहेरून येणारी म्हणजे सून. तिच्या स्वागताची सर्वांत सुंदर रीत आदिलाबाद जिल्ह्यांतील केस्लापूर येथें पाहावयास मिळते. तेथें पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. हें दैवत मेश्राम कुळाचें. त्या कुळांत लग्न होऊन आलेल्या सुनांस पांढरीं लुगडीं नेसवून वडील बायका देवासमोर घेऊन जातात व देवाशीं त्यांची भेट घालून देतात. या विधीस ‘भेटिंग’ असेंच नांव आहे. ही भेट होईपर्यंत सुनेस कुळाच्या पूजेंत भाग घेतां येत नाहीं. झाली कीं ती पूर्णपणें त्या कुळाची. आमच्या घरीं नव्या सुनेस कुलदैवतास नेतात त्याचेंच हें रूप, परंतु तें साऱ्या कुळासमक्ष, एकाच दिवशीं, सर्व सुनांचें मिळून होतें. परक्या जातीच्या पाहुण्यास मात्र यात्रेचा मांडव मोकळा असला, तरी सगा मिळत नाहीं. कारण नातें हें मागून मिळण्याजोगें नव्हे. धर्मप्रसारकांची धांवपळ या धर्मांत दिसत नाहीं, तिचें कारण हेंच असावें.

शिकवणीचा प्रश्न याहून बिकट आहे. जेथें ग्रंथ नाहीं तेथें मनुष्य हाच ग्रंथ. हा मान पूर्वीं प्रधानांकडे होता. प्रधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. किंगरी वाजवून कुळांच्या कथा गाणें व वंशावळी मुखोद्गत ठेवणें हा त्यांचा व्यवसाय. त्र्यंबकेश्वरीं वा गयेस तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आमच्या पूर्वजांचीं नांवें सांपडतात, तसे गोंडांस हे प्रधान. फरक इतकाच कीं वही त्यांच्या कंठांत. यजमान शहरांत गेले आणि दान आटलें, तशी ती वहीही मिटत चालली. दुसरें विद्यापीठ गोटुल. व्हेरिअर एल्विन यांनीं १९४७ सालीं बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला. पण त्यांतील तरुणतरुणींच्या सहवासाची गोष्ट तेवढी जगानें उचलली, आणि तेथें नृत्य, गाणें, शिस्त, श्रमदान व वडिलांचा मान हेंही शिकविलें जात होतें, तें मागें पडलें. आजचे कार्यकर्ते गोटुलास पाठशाळा मानतात. गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं गोंडी भाषेंतून शिकविणारी शाळा काढली व तिच्या नांवांतच ‘संस्कार गोटुल’ हे शब्द घातले. सरकारची परवानगी नाहीं म्हणून २०२२ सालीं शिक्षणखात्याची तिला नोटीस आली. नियमाची बाजू आम्ही जाणतों. जन्मभर शाळाखात्यांत घालविलेल्या मनुष्यानें ती न जाणावी तर कोणी जाणावी? परंतु गरीब गांवकऱ्यांनीं आपल्या मुलांसाठीं आपल्या भाषेंत काढलेली शाळा ही शिक्षा करण्याची गोष्ट आहे कीं कौतुकाची, याचाही विचार व्हावयास हवा.

भाषेची स्थिति आंकड्यांवरून दिसते. २०११ च्या जनगणनेंत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारें २९ लक्ष ८४ हजार होते. गोंडांची लोकसंख्या मात्र एक कोटीहून बरीच अधिक. म्हणजे चौघांतल्या तिघांची भाषा गेली. ती परत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनीं १९१८ सालीं गोंडीसाठीं एक लिपि तयार केली. आदिलाबादेंतील गुंजाळा गांवीं दुसऱ्या एका लिपींतील हस्तलिखितें सांपडलीं. या दोन्ही लिप्यांस अनुक्रमें २०१७ व २०१८ सालीं संगणकाच्या जागतिक लिपिसंकेतांत स्थान मिळालें. शहरांतल्या मुलांसाठीं वर्षाचे कांहीं दिवस ठरून गेले आहेत. २४ जून हा राणी दुर्गावतीच्या बलिदानाचा दिवस (१५६४). २१ ऑक्टोबर हा बाबुराव शेडमाके यांच्या फांशीचा दिवस (चांदा, १८५८). या दिवशीं मुलें गोळा होतात, गोत्रांचीं नांवें पाठ म्हणतात, रेला नाचतात. आमचा तो विद्यार्थी आतां आपल्या तीन वर्षांच्या मुलीस गोंडींत अंक मोजावयास शिकवितो. स्वतः तो ते छापील पुस्तकावरून शिकला.

आतां एका अवघड विषयास हात घालणें भाग आहे. हे लोक हिंदु आहेत कीं नाहींत ? नागपुरांत हा प्रश्न नुसत्या पंडिती चर्चेचा नाहीं. त्यावर सभा, मोर्चे व कटु भाषणें होतात. एक पक्ष म्हणतो कीं ऐनाचें झाड, महादेव, गोत्र, देवक हीं सर्व आमचींच, तेव्हां हे वनांत राहणारे हिंदूच. दुसरा म्हणतो कीं वेद, वर्ण व ब्राह्मण ज्यांच्या विधींत नाहींत, ज्यांच्या गीतांत महादेव हाच कोंडणारा आहे, आणि ज्यांच्यांतील कित्येक गांवें दसऱ्यास रावण जाळण्याऐवजीं रावणाची पूजा करितात, त्यांना हिंदु कसें म्हणावें ? कायद्याचीही येथें दुहेरी भाषा आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतील दुसऱ्या कलमाप्रमाणें, केंद्र सरकारनें निराळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींस लागू होत नाहीं. इंग्रजी अमदानींतल्या जनगणनांत आदिवासींच्या धर्मास वेगळें सदर असे. १९५१ पासून तें राहिलें नाहीं, आणि तेव्हांपासून ‘इतर धर्म’ या सदरांत आपलें नांव लिहवून घ्यावें लागतें. २०११ सालीं असे ७९ लक्ष लोक निघाले. त्यांपैकीं ४९ लक्ष ५७ हजारांनीं ‘सरना’ आणि १० लक्ष २६ हजारांनीं ‘गोंडी’ असा धर्म लिहविला. पुढील जनगणनेसाठीं १ मार्च २०२७ हा दिवस सरकारनें ठरविला आहे, आणि त्या कोऱ्या चौकटींत काय लिहवावें याविषयीं घराघरांतून बोलणें चालू आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं बापाचें मत एक, मुलाचें दुसरें. बाप म्हणतो, “पन्नास वर्षे गणपती बसवला, आता देवाला काय सांगू ?” मुलगा गणपति उठवा म्हणत नाहीं, कागदावर मात्र ‘गोंडी’ लिहवावें म्हणतो.

या वादाचा निकाल देण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. आम्हांस एवढेंच वाटतें कीं, कोण कोणत्या धर्माचा हें त्यानें स्वतः सांगावें आणि शेजाऱ्यानें तें ऐकून घ्यावें. आमच्या घरांत रामनवमी होते व होत राहील. रामाविषयींची आमची भक्ति दुसऱ्या कोणी रावणास हात जोडल्यानें उणी होण्याइतकी कच्ची असूं नये. उलट ज्यांनीं आपल्या मुलांस वंश, झाड व नातें यांची ओळख पुन्हां करून देण्यासाठीं स्वतःचें नांवसुद्धां बदललें, त्यांच्या चिकाटीपुढें आम्हीं क्षणभर थांबावें. आमच्या एकत्र कुटुंबांतील किती मुलांस आपलें गोत्र, प्रवर, कुलदैवत व देवक सांगतां येतें, हा प्रश्न प्रत्येक घरच्या वडिलांनीं एकदां जेवणाच्या पंक्तींत विचारून पाहावा. उत्तर न आल्यास मुलांस रागावूं नये. त्या दिवशींच सांगण्यास आरंभ करावा.

आणि ज्यांस सवड असेल त्यांनीं येत्या माघांत कचारगडास जाऊन यावें. गोंदियाच्या पुढें दरेकसा स्थानकावर उतरलें म्हणजे माणसांचा ओघच वाट दाखवितो. तेथें आपण पाहुणे आहों हें विसरूं नये. छायाचित्र घेण्यापूर्वीं विचारावें. ठाण्याजवळ भुमका सांगेल तेथें उभें राहावें, आणि कोणी ‘जय सेवा’ म्हणालें तर ‘जय सेवा’ म्हणून उत्तर द्यावें. तुमचे देव किती, असें एखादी म्हातारी विचारील. तेव्हां हंसून टाळूं नये. आपलें गोत्र सांगावें. गोत्राची गोष्ट तिला लगेच कळते.